सेहेचाळीस आणि चोवीस

पाइपावर चढण्याआधी ती त्याला हात लावायची. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत तळहात फिरवत जायची, मग बूट काढून अनवाणी एकदा त्यावरून चालायची, आणि मगच पायात स्की चढवायची. बाकीचे रांगेत खोळंबायचे. कुणी म्हणायचं, "काय गं, पाइप म्हंजे काय म्हस हाय व्हय, हात फिरवाय?" ती शांतपणे सांगायची, "वळख करून घेतो." आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना 'घेतो', 'जातो' असंच म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो.

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात ती माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. यंत्राचा तयार झालेला भाग मापायचा, माप वहीत लिहायचं, बसत नसेल तर त्याला लाल रंग लावून बाजूला ठेवायचा, हे आमच्या खोलीचं काम. मी ते तीस वर्षं करतो आहे, तिने चार वर्षं केलं. चार वर्षांत तिने लाल रंग लावलेला एकही तुकडा मला परत आत घ्यावा लागला नाही.

बेळगावात बर्फ कुठला, हे मला इतक्या लोकांनी विचारलं आहे की उत्तर आधीच देऊन टाकतो. बर्फ नव्हताच. आमच्या वस्तीत लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. नोकरीत असताना त्यांनी उत्तरेकडे जवानांना बर्फावर स्की करायला शिकवलं होतं. इथली पोरं चाकांच्या स्केट्सवर तरबेज, मग त्यांना स्की का जमू नये, असं त्यांनी मनावर घेतलं. मच्छेच्या पुढे एका उताराच्या माळावर त्यांनी प्लास्टिकच्या केसाळ चटया अंथरल्या. त्यांच्यावर पाणी मारलं की स्की घसरते. वरच्या भागात लोखंडी पाइप बसवले, खालच्या भागात प्लायवुडचे उंचवटे केले. पाइपाला रेल म्हणायचं. स्की आडव्या धरून, तोल सांभाळत त्याच्यावरून टोकापर्यंत घसरायचं. उंचवट्यावरून मात्र हवेत जायचं, जमलं तर गिरकी घ्यायची आणि पायांवर उतरायचं. ती जंप. खऱ्या बर्फावरच्या स्की-पार्कमध्येही हेच दोन प्रकार असतात. मी गुण लिहायला जायचो. आकड्यांचा माणूस म्हणून सुभेदारांनी मला धरलं होतं.

एका रविवारी मी तिला नुसतं बघायला म्हणून घेऊन गेलो. ती पुढच्या रविवारी स्वतःहून आली. तीन महिने तिने साधं घसरणं शिकून घेतलं. मग पाइप आला. सहा मीटरचा, जमिनीपासून अडीच फूट उंच. चांगल्या चांगल्या स्केटिंगवाल्यांना तो शेवटपर्यंत जायला दोन-दोन महिने लागले होते. ती तिसऱ्या खेपेला गेली. नवव्या खेपेला मधे उलटी फिरली आणि पाठमोरी खाली उतरली. सुभेदार माझ्याकडे बघत राहिले, आणि मी माझ्या वहीकडे.

हे कुठून आलं ते तिनेच एकदा डबा खाताना सांगितलं. तिचं गाव कणकुंबीच्या पलीकडे, जंगलात. शाळा ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला, आणि ओढ्यावर साकव, म्हणजे एक आडवा टाकलेला ओंडका. पावसाळ्यात शेवाळाने बुळबुळीत झालेला. सात वर्षं ती त्यावरून रोज दोनदा गेली. पायाकडे बघायचं नाही, पलीकडच्या काठावर एक झाड होतं ते बघायचं, एवढीच तिची युक्ती. मी विचारलं, मग उडीचं काय? ती हसली. साकवावर उडी मारली तर घरी मार बसायचा. एकाने उडी मारली की ओंडका हलतो आणि मागून येणारा पाण्यात जातो. सात वर्षं रोज दोनदा तिच्या अंगाने हेही शिकून घेतलं होतं.

त्यामुळे जंप तिला येत नव्हती. मी लपवत नाही. उंचवट्याच्या कडेला आली की तिचे गुडघे आपोआप दुमडायचे आणि ती तिथेच बसायची.

आणि आता मला राग कशाचा येतो ते लिहितो. तुम्हीही हे कुठे ना कुठे पाहिलं असेल. एखाद्या बाईच्या हातची भाकरी गावात पहिली असली, तर लोक तिला पुरणपोळी येते का ते विचारतात. ही मुलगी रेलवर सगळ्यांच्या पुढे होती. मुलींच्या नव्हे, सगळ्यांच्या. पण माळावर येणारा प्रत्येक माणूस दोन मिनिटं बघायचा आणि म्हणायचा, "पण उडी?" कारखान्यातही तेच. स्टोअरमधला एकजण रोज दारातून डोकं घालून विचारायचा, "काय आक्का, उडलीस का न्हाय अजून?" ती मापातून मान वर न करता म्हणायची, "मी उडत न्हाय ओ. मी जातो."

एका रविवारी मी मुद्दाम मोजलं. पाइपावरून तिच्या अकरा फेऱ्या झाल्या, त्यातल्या दहा न पडता. त्याच सकाळी उंचवट्यावरून इतरांच्या तेवीस उड्या झाल्या, त्यातल्या नऊ पायांवर उतरल्या. संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आले ते सगळे उड्यांचे. पडलेल्या उड्यांचेसुद्धा. ती पाइपावर असताना लोक पाठ फिरवून चहा पीत होते. पाइपावर पाय चुकला तर नडगी लोखंडावर आपटते, आणि तिच्या दोन्ही नडग्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळ्यानिळ्या होत्या, हे मोजे खाली सरकले तेव्हा मला दिसलं. हवेत न जाता हे होतं म्हणून ते सोपं ठरत होतं.

सुभेदार वाईट माणूस नव्हेत. पण दिवाळीनंतर त्यांनीही तिला पाइपावर जाऊ दिलं नाही. "येतंय ते येतंय की गं. येत न्हाय ते कर," म्हणाले. दोन महिने प्रत्येक रविवारी तिने सगळ्यांत लहान उंचवट्यावर जायचं, कडेला बसायचं, उठायचं आणि परत वर चढायचं. मी तिची फेरी लिहायचो आणि समोर शून्य घालायचो. शून्य घालायला कुणीच मला मना केलं नाही.

एवढ्या आटापिट्याला कारण होतं. राज्याच्या संघात मुलींसाठी एकच जागा होती. जी निवडली जाईल ती सहा आठवडे उत्तरेकडे शिबिराला जाणार, खऱ्या बर्फावर, आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेला. वयाची अट सत्तावीस वर्षांच्या आतली. तिला सत्ताविसावं संपत आलं होतं. या वर्षी नाही तर नाहीच. तिने बर्फ कधी पाहिला नव्हता. तो पायाखाली कसा वाजतो, हे ती सुभेदारांना दर आठवड्याला विचारायची.

निवड चाचणी आमच्याच माळावर झाली. नियमांचा कागद दोन आठवडे आधी आला होता, तो आजही माझ्या फायलीत आहे. रेलला पन्नास गुण, जंपला पन्नास गुण, तीन परीक्षकांची सरासरी. राज्य संघटनेकडून एक निरीक्षक आले होते. मुली चार. त्यांतल्या दोघींचं काही खरं नव्हतं. उरली ती आणि शहरातली एक मुलगी, उड्यांत तरबेज. ती मुलगी स्वभावानेही चांगली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेव्हाही नव्हती.

रेलवर आमच्या मुलीला सेहेचाळीस मिळाले, दुसरीला एकतीस.

मग जंप. दुसरीने एक गिरकी घेतली, उतरताना जराशी डगमगली, अडतीस. आमची आली. प्रत्येकीला दोन संधी होत्या, त्यातली चांगली धरायची. पहिल्या खेपेला ती कडेला आली आणि नेहमीसारखी बसली. चटईवर बसूनच घसरत खाली गेली. मागे कुणीतरी हसलं. ती स्की खांद्यावर टाकून पुन्हा वर चढली. दुसऱ्या खेपेला ती कडेला आली तेव्हा मी खाली बघितलं, कारण मला शून्य लिहायचं होतं. वर बघितलं तर ती हवेत होती. फार नव्हे, हात-दीड हात. गिरकी नाही, काही नाही, दोन्ही हात वेडेवाकडे पसरलेले. दोन्ही पायांवर उतरली, सरळ गेली आणि थांबली. बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून टाळ्या वाजल्या नाहीत. सुभेदारांनी टोपी काढून हातात घेतली होती. परीक्षकांनी चोवीस दिले.

मी बेरीज दोनदा केली. तिचे सत्तर, दुसरीचे एकोणसत्तर.

निरीक्षकांनी बेरजेचा कागद बघितला. मग म्हणाले की हे काही बरोबर दिसत नाही. वर गेल्यावर उडीच बघतात, रेलला काय, सरळ तर जायचं. रेलचे तीस धरा, जंपचे सत्तर धरा. मी म्हणालो, कागदावर पन्नास-पन्नास आहे. ते म्हणाले, कागद मार्गदर्शनासाठी असतो, आणि निरीक्षकाला अधिकार असतो. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही आकडेमोड करा हो. तुमचं काम तेच ना?"

आणि मी ती केली. सेहेचाळीसचे सत्तावीस पूर्णांक सहा झाले, चोवीसचे तेहेतीस पूर्णांक सहा. एकूण एकसष्ट पूर्णांक दोन. दुसरीचे एकाहत्तर पूर्णांक आठ. माझ्या अक्षरात, रेघ मारून, खाली सही करून. कारखान्यात एखादा भाग मापात बसेना म्हणून कुणी मापच बदललं, तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाहीत. मी तीस वर्षं हे नव्या लोकांना सांगत आलो आहे.

ती टेबलाशी आली. निकाल तिने ऐकला होता. तिने कागदाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"अण्णा, बेरीज बरोबर हाय न्हवं?"

मी म्हणालो, "बरोबर आहे."

"तुमी केलासा म्हंजे बरोबरच असणार," म्हणाली, आणि बूट सोडायला गेली.

बेरीज बरोबरच होती. चूक बेरजेच्या वरच्या ओळीत होती. ते सांगायला मला टेबलावरून उठून वीस पावलं जावं लागलं असतं.

ते मी चार दिवसांनी सांगितलं, कारखान्यात आमच्या इन्स्पेक्शनच्या खोलीत, दार लावून. तिने ऐकून घेतलं आणि हातातला तुकडा मापून वहीत लिहिला. माळावर ती पुन्हा आली नाही. मी राज्य संघटनेला पत्र लिहिलं, दोन्ही बेरजा जोडून. उत्तर आलं की निरीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. दुसरं लिहिलं, तर तक्रार खेळाडूच्या सहीने यावी असं कळवलं. शिबिर तोवर सुरू झालं होतं. सुभेदार म्हणाले, आता पत्र लिहून काय उपयोग? मी म्हणालो, उपयोग नसला तरी ती बेरीज माझ्या अक्षरात तिथे पडून आहे.

तिसरं पत्र तयार झालं त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. घाटापलीकडे गोव्यात एका औषधांच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं, गावापासून ते जवळ पडत होतं. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पत्र तिच्यापुढे ठेवलं. दीड पान होतं. मी ते अकरा वेळा वाचून नीट केलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमान होता. सहा मीटरचा पाइप, अकरातल्या दहा फेऱ्या, सेहेचाळीस गुण, बदललेला नियम, सगळं क्रमाने मांडलं होतं.

ती बोट ठेवून सावकाश वाचत गेली. पानाच्या मध्यावर बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं, 'सदर खेळाडू जंप या प्रकारात कमी पडत असली तरी'.

"ही वळ कुणी लिवली?"

"मीच लिहिली."

"कमी न्हाय पडलो, अण्णा. चोवीस घेतलोय मी."

मी काहीतरी सांगायला लागलो, की ते तुझ्या बाजूनेच आहे, पुढचं वाक्य वाच. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "सेहेचाळीस तर मला मिळणारच हुते. चोवीस मी आणलेत."

पत्र सुरू झाल्यापासून मी स्वतःला त्या माळावरच्या लोकांपेक्षा वेगळा समजत होतो.

तिने माझ्या खिशातलं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली सही केली. पूर्ण नाव, गावासकट. मग टेबलाचा खण रिकामा केला, माप पुसून डब्यात ठेवलं, सगळ्यांना सांगून चारच्या बसने गेली. तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. स्टोअरमधला तो दारातून डोकं घालतो आणि काही न विचारता जातो.

खाडाखोड असलेला कागद मी तीस वर्षांत कुणाला पाठवलेला नाही. ती ओळ गाळून दुसरी प्रत काढायला पाच मिनिटंही लागली नसती, आणि सहीसाठी बसस्टँडवर तिला गाठता आलं असतं. मी पाकिटावर पत्ता घातला आणि तो कागद तसाच पाठवला.