पार्टीसाठी ठरवलेलं लग्न

आमच्या जबलपूरच्या ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमाची जागा ठरवायचं काम दरवर्षी माझ्याकडेच येतं, कारण मी ते वेळेत उरकते. माझ्या अटी ठरलेल्या आहेत. पोचायला सोपी जागा, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम, डोक्यावर छप्पर आणि बरं जेवण. जेवणाच्या बाबतीत मी कोणाच्या शब्दावर विसंबत नाही. स्वतः चाखून बघते.

यंदा पाटन रोडवरचं एक मॅरेज गार्डन बघायला गेले. सोबत अकाउंट्समधली सहकारी होती. चाळिशीला आलेली, लग्न न झालेली, घमापुरात आईबरोबर राहणारी. स्कूटर तिची, मागे मी. मोठं आवार, जेवायला छप्पर; जागा मला आवडली. जेवण चाखायचं म्हटल्यावर मालक म्हणाला, "टेस्टिंग सिर्फ शादी की बुकिंग में होती है, मॅडम. आपके यहाँ शादी है?"

"जी. इनकी," मी म्हणाले आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

तिनं मागून माझी ओढणी ओढली. मी हळूच मराठीत म्हटलं, "अगं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. पनीर चाखू आणि निघू."

जबलपुरात मराठी बोललं की कोणी ना कोणी वळून बघतंच. मालकाची म्हातारी आई आतून लगबगीनं आली. मंडळी मूळची वर्ध्याकडची निघाली.

"अवो, आपल्याच लोकायतल्या हाय का तुमी! कोणाची वो तू?"

सहकारिणीनं आडनाव सांगितलं.

"अगं माय, तुही आई तर हळदीकुंकवाले येते आमच्याकडे! बोलली नाही काहीच. नवरदेव काय करते?"

"रेल्वेत आहे," उत्तर मीच देऊन टाकलं.

"मंग लाजून काहून राहिली? घे, अजून एक गुलाबजाम घे."

ती मान खाली घालून खात होती. मला वाटलं, छान निभावते आहे. पनीर बरं होतं, डाळ पातळ.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली.

"दीदी, त्या आजींनी काल आईला फोन केला. अभिनंदन करायला."

"मग? खरं सांगितलंस ना?"

"सांगितलं. पण मी वाटेत भाजी घ्यायला थांबले होते. घरी पोचेपर्यंत आईनं शेजारी पेढे वाटले होते." तिनं समोरची खुर्ची ओढली. "तिला वाटलं, मी कोणाशी तरी ठरवलंय आणि सांगायला घाबरून राहिले. दारातच म्हणाली, कोणत्याही जातीचा असू दे बेटा, मी काही म्हणणार नाही."

मी डब्याला झाकण लावलं.

त्या संध्याकाळी मी तिच्या आईकडे गेले. काय काय बोलायचं ते रिक्षात क्रमानं ठरवलं होतं. प्रत्यक्षात एकाच वाक्यात सगळं संपलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जेवण चाखायसाठी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"शेजाऱ्यांना मी सांगीन, माझीच ऐकण्यात चूक झाली. त्या बाईले मात्र तुम्हीच सांगा. मले नाही जमणार."

मग त्यांनी चहा ठेवला. बशीत बिस्किटं काढली. मी चहा प्यायले. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही.

तिथूनच कोपऱ्यावर उभं राहून मी मॅरेज गार्डनला फोन लावला आणि आजींना द्या म्हटलं. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेकीचं लग्न म्हणजे काय खेळ हाय का वो, बाई?" आणि फोन ठेवला.

सोमवारच्या बैठकीत मी राइट टाउनमधला एक हॉल सुचवला. साहेबांनी माझ्या जागांच्या यादीचा कागद वर-खाली बघितला. "अच्छा, वो पाटन रोड वाला क्यों काट दिया? सस्ता भी था, खुला भी."

मी कारण तयार ठेवलं नव्हतं. असं माझं कधी होत नाही.

"सर, वहाँ पार्किंग कम है," टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माझी ती सहकारी म्हणाली. लॅपटॉपवरची नजर तिनं काढली नाही.

तिथे आमच्या अख्ख्या ऑफिसच्या गाड्या लागून वर जागा उरली असती. तिनं ती माझ्याइतकीच नीट पाहिली होती.

साहेब माझ्याकडे बघत होते.

"जी सर," मी म्हणाले, "बहुत कम है."