ग्रीक मास्तर आणि आमची झर

ग्रीक मास्तरांना गोष्ट सांगताना राग यायचा, तोही गोष्टीतल्या माणसांचा. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एखाद्या योद्ध्यावर ते असे चिडत, जणू तो कालच डिचोलीच्या बाजारात त्यांना काहीतरी लागेल असं बोलून गेला होता.

ते मूळचे पेडण्याचे. पोर्तुगीज अमदानीत पणजीला शिकले आणि तिथेच त्यांना प्राचीन ग्रीकांचा नाद लागला. गोवा मुक्त झाल्यावर ते आमच्या मराठी शाळेत इतिहास शिकवू लागले आणि आमच्याच वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, घर करून राहिले. तास संपायला दहा मिनिटं उरली की पुस्तक मिटायचे आणि त्या जुन्या युद्धात शिरायचे.

प्रत्येक वीराबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे, "हा कोणासाठी उभा राहिला?" वेढा पडलेल्या नगराचा राजपुत्र, मरण दिसत असूनही वेशीबाहेर उभा राहिलेला, हा त्यांचा लाडका. पलीकडचा सर्वांत बलाढ्य योद्धा मात्र नावडता. लुटीतला मानाचा वाटा काढून घेतला म्हणून तो तंबूत जाऊन बसला आणि बाहेर त्याचीच माणसं मरत राहिली. "मोठो वीर म्हणे! रुसलेलो न्हवरो खंयचो!" मास्तर म्हणायचे आणि वर्ग हसायचा.

एकदा मी भीत भीत म्हटलं, "पण सर, त्या लोकांत मान म्हणजेच सगळं होतं ना? तुम्हीच सांगितलंत."

"होय रे बाबा. त्यांच्या मापानं तो मोठाच. पण तुझ्या घराशेजारी या दोघांतला कोण राहिलेला तुला आवडेल, ते सांग."

पुढे मी शिक्षक झालो तो या एका वाक्यामुळे.

काही वर्षांनी शेजारची खाण सरकत सरकत आमच्या डोंगरापर्यंत आली. डोंगराखाली आमची झर. तिच्याच पाण्यावर वाड्याची वायंगण, म्हणजे उन्हाळी भातशेती, पिकायची, माझ्या वडिलांचीही. झर आपल्या जमिनीत येते, असं खाणवाल्यांचं म्हणणं पडलं. ती गावाची असल्याचे जुने कागद आम्ही कचेरीत दिले, पण ते पोर्तुगीजमध्ये होते आणि गावात ती भाषा येणारे मास्तर एकटेच. "सुनावणीत मी स्वतः वाचून समजावतो," त्यांनी शब्द दिला. त्यासाठी कागदांची नक्कलही करून घेतली.

सुनावणीआधीच्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावाचं काम पुढे नेणाऱ्याच्या हाती देवाचा नारळ द्यायची आमच्याकडे रीत आहे. पुजाऱ्याने तो पंचांना दिला. पंच तरुण, नुकतेच पंचायतीवर निवडून आलेले. त्यात काही गैर आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. मास्तर प्रसाद न घेता पायऱ्या उतरले.

सुनावणीच्या सकाळी मी त्यांना बोलवायला गेलो.

"सर, चला. सगळे बसस्टॉपवर थांबलेत."

"नारळ कोणाच्या हातात दिलो?"

"सर, ते सोडा ना आता."

"ज्याच्या हातात नारळ, तेका वाचूंक सांग."

"सर, झर जाईल हो आमची!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगातल्या कोटाची बाही सारखी केली आणि पेपर उघडला.

कचेरीत साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "हे कोण वाचणार?" मग खाणवाल्यांच्या वकिलाने आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि तोच टिकला. दोन पावसाळ्यांत शेतात गुडघाभर लाल चिखल आला. वडील पुन्हा त्या शेतात उतरले नाहीत.

त्यानंतर मास्तरांच्या दारावरून जाताना मीच खाली बघायचो. लाज खरं तर त्यांना वाटायला हवी होती. त्यांनी दोनदा हाक मारली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गेल्या महिन्यात ते गेले. बाराव्याला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने माझं नाव लिहिलेलं पाकीट हातात ठेवलं. आत त्या कागदांचं संपूर्ण मराठी भाषांतर होतं, फळ्यावरच्या त्याच सुरेख अक्षरात. झरीची हद्द, कुठला दगड, कुठला आंबा, सगळं. शेवटी तारीख होती सुनावणीच्या आदल्या दिवसाची.

"त्या दिवशी सकाळीच कोट घालून तयार होते," बाई म्हणाल्या. "पंच बोलवायला येतील म्हणून. दुपारपर्यंत काढला नाही रे."

पंच आले नव्हते. मी आलो होतो.

भाषांतरात एकही खाडाखोड नाही. वडील अजून आहेत. त्यांना ते दाखवायचा धीर मला होत नाही.