शिंपीकाकांची सहा बटणं

मावशीचा हात भारी चलाख. वृद्धाश्रमात चौदा वर्षं काढलेली ही बाई सकाळी नऊच्या आत बारा जणांना आंघोळी घालून, कपडे चढवून, भांग पाडून मोकळी. सगळे तिला वादळमावशी म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने वार्धक्यशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. पास झाली तर अख्ख्या मजल्याची प्रमुख होणार होती, आणि हे स्वप्न तिने कितीतरी वर्षं मनात जपलेलं. पहिला तास तिने घरी केला. फोनवर शिकवणाऱ्या बाई दिसल्या तशी ही चटकन उठून उभी राहिली. लेक हसून हसून बेजार. "आई, बस गं! त्यांना तू दिसतच नाहीयेस!" पुढे मात्र आश्रमातली मंडळी दुपारी आडवी झाली, की ही चादरींच्या खोलीत वही उघडून बसायची.

लेखी परीक्षेत तिने बाजी मारली. गाडी अडली ती प्रात्यक्षिकात. वृद्ध माणसाला कपडे घालायला मदत करतानाचा व्हिडिओ पाठवायचा होता. तिने शिंपीकाकांना निवडलं. उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला हा माणूस, आता बोटं थरथरायची. मावशीने चाळीस सेकंदांत सहाही बटणं लावून दाखवली. निकाल आला, नापास. बाईंनी एकच ओळ लिहिली होती, 'यात काकांनी काय केलं?'

"मी माया करते, ती चूक होय?" मावशी लेकीवरच उखडली. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. आणि आता एकच संधी उरली होती.

दुसऱ्या खेपेला तिने शर्ट काकांच्या हाती दिला आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून समोर बसली. हातांचा काय भरवसा! पहिलं बटण चार वेळा निसटलं. दुसरं भलत्याच काजात गेलं. काकांनी काजावरून अंगठा फिरवला, "माझ्या दुकानात हे खपलं नसतं," म्हणत बटण काढलं आणि पुन्हा लावलं. नाश्त्याची घंटा होऊन गेली. तेवीस मिनिटं गेली. मावशी जागची हलली नाही.

सहावं बटण लागलं. काका आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"पोरी, दोन वर्षं मला वाटत होतं, ही कामातून गेली."

"नाही हो काका."

"मग तुलाच घाई होती होय?"

ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणूनच मावशीला रडू फुटलं. फोन सगळं टिपत होता.

"शेवटचा तुकडा कापून टाक, आई. मार्क जातील," लेक म्हणाली. मावशीने व्हिडिओ होता तसा पाठवला.

निकालाला अजून आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती दीड तास आधीच कामावर गेली आणि बाराही जणांचे कपडे तिने ज्याच्या त्याच्या हातात दिले.