झोपलेल्या बाळाजवळचं रडणं

भुतंखेतं, आत्मे वगैरे विषय निघाला की मी सरळ उठून जाते. डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासते मी. मशीन दाखवेल तेवढंच खरं. तरी हे लिहितेय... कारण घरात कुणाशी बोलायची सोय नाही.

पहिली मुलगी झाली तेव्हा घरच्यांनी मुहूर्ताचा हट्ट धरला आणि दिवस भरायच्या आत सिझर झालं. तिची फुप्फुसं तयार नव्हती. कण्हल्यासारखं, तुटक तुटक रडायची. काचेपलीकडून तेवढंच ऐकलं मी. दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून घरात तिचा विषय बंद.

या खेपेला उचगावच्या एका दवाखान्यात नाव घातलं. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "मुहूर्त बघायचा नाही. दिवस भरू द्यात." दिवस भरले, सिझर झालं, मुलगा झाला. श्वास अगदी व्यवस्थित. पण गरोदरपणात मला शुगर होती, म्हणून बाळाची साखर उतरायची भीती. बाई बजावून गेल्या — झोपला तरी उठवून पाजायचा.

दुपारी खोलीत मी आणि सासूबाई; मी त्यांना आत्ती म्हणते. नवरा बिद्रीहून यायचा होता. मी कमरेखाली बधिर, कूस बदलता येईना. बाळ पाळण्यात गप्प.

"आत्ती, द्या की त्याला इकडं. पाजायची वेळ झाली."

"झोपलंय की गं! किती गुणाचं हाय, रडं न्हाय का काय न्हाय. उठवू नगंस."

आणि मला रडणं ऐकू आलं. कण्हल्यासारखं, तुटक... पाळण्यातूनच. बाळाचे ओठ मात्र मिटलेले!

"आत्ती, ऐकू येतंय न्हवं?"

"काय? पंखा वाजतोय त्यो."

तो आवाज मी कुठंही ओळखला असता. जीव खाऊन ओरडले, "सिस्टर!"

सिस्टर पळत आल्या. बाळाला हलवलं, तर अंग सैल. टाचेतून रक्त घेतलं — साखर पार उतरलेली. लगेच सलाईनमधून साखर चढवली. संध्याकाळी पोरानं असं भोकाड पसरलं की आत्तींनी पदरानं डोळे पुसले. ते रडणं निराळं होतं. खणखणीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भुलीमुळं भास झाला असेल. नवरा म्हणाला, "डोक्यातनं काढ ते." बरं, काढते!

तो आवाज कुठून आला, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. खरं सांगू? नकोच आहे. बाळ झोपलं की मी टीव्ही बंद करून कान लावून बसते. तिनं एकदा परत रडावं... या वेळी तिला कुणाला न विचारता उचलून घेईन.

अजून तरी आली नाही.