बादलीतलं विसर्जन

त्या शनिवारी सकाळी साडेसातलाच टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोत ऊन चटके देत होतं. आम्ही आठ-नऊ शेजारी गुडघ्यांवर बसून माळ निंदत होतो. माळ म्हणजे आमच्या वसाहतीमागे उरलेला तीन एकरांचा तुकडा. त्याच्यावर कधी नांगर फिरला नाही की घर उभं राहिलं नाही, म्हणून इथलं मूळचं गवत, कमरेएवढं वाढणारं, थंडीत तांबूस होणारं, तेवढ्या जागेत टिकून आहे. चारी बाजूंना ऑफिसांचे कॅम्पस, सहा पदरी रस्ते आणि आमची घरं. जागा वसाहतीच्या असोसिएशनची, राखायची मात्र आम्ही, दर शनिवारी, आपल्या हौसेनं.

मी यवतमाळकडची. इथली माती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला भरून आलं होतं. तीच काळी, चिकट, उन्हाळ्यात अख्खा हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. आठवडाभर मी कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, तोच माझा धंदा आहे. शनिवारी मातीत हात घातला की डोकं जरा ठिकाणावर येतं. म्हणून मी या लोकांत सामील झाले, त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

आमच्या म्होरक्या एक निवृत्त शिक्षिका. पंचाहत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेलेली. मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचे. बाईंचा शत्रू एकच, बर्म्युडा नावाचं लॉनचं गवत. टेक्सासमध्ये घरोघरी अंगणात तेच असतं. ते जमिनीवरून धावतं, जमिनीखालूनही धावतं, आणि तुटलेल्या प्रत्येक पेरातून पुन्हा फुटतं. माळात शिरलं तर मूळच्या गवताला जगू देत नाही. अठरा वर्षांत बाईंनी त्याची एक काडी आत येऊ दिली नव्हती. माळाच्या कडेची वाट कापायला जो माणूस यायचा, त्यालासुद्धा त्या मशीनची पाती धुतल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत.

आणि त्या शनिवारी बाई एल्मच्या जुन्या झाडापाशी थबकल्या. सावली संपते तिथे वाकून त्यांनी एक लांबलचक दोरा ओढला. दोऱ्याला पेरं होती आणि पेरापेराला मुळं फुटलेली होती.

“हे इथे कसं आलं?” त्या म्हणाल्या.

मी उठून बघायला गेले आणि माझ्या पायांखालची वाळू सरकली. ते गवत मी पाच वर्षांची असल्यापासून ओळखते. आमच्याकडे शेतात उगवलं की त्याला हरळी म्हणून शिव्या देतात आणि गणपतीपुढे ठेवलं की दूर्वा म्हणून हात जोडतात. लॉनमधलं बर्म्युडा म्हणजे आपल्या दूर्वा, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे, दर वर्षी आम्ही त्या लॉनमधूनच आणतो. पण त्या झाडाखाली कशा आल्या, हे जगात फक्त मला माहीत होतं.

घर घेण्याआधी आम्ही माळासमोरच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. शाडूची छोटी मूर्ती आणायचो, दीड दिवसाचा गणपती, आणि बाल्कनीत बादलीत विसर्जन. मूर्ती विरघळली की प्रश्न यायचा, हे पाणी ओतायचं कुठे? गटारात देव ओतवत नाही, कचऱ्याच्या डब्यात तर नाहीच नाही. आमच्या मराठी मंडळींत सगळ्यांत वडीलधाऱ्या एक काकू आहेत. पूजेतली कुठलीही अडचण त्यांच्याकडेच जाते. त्या म्हणाल्या होत्या, “अगं, चांगलं मोठं झाड बघ. जिथे कुणाचा पाय पडणार नाही असं.” मी बघितलं. एल्मखाली कुणाचाच पाय पडत नव्हता. का पडत नव्हता, हे विचारावंसं मला तेव्हा वाटलं नाही.

सलग तीन वर्षं मी सकाळी लवकर उठून ती बादली तिथे रिकामी केली. राखाडी चिखल, हार, पत्री आणि दूर्वांच्या जुड्या. ओतताना दर वर्षी रडायचे. इतक्या लांब राहिलं की बाप्पा जातानाही माहेरचं माणूस निघाल्यासारखं होतं. बरं, दूर्वा तरी नीट खुडलेल्या असाव्यात! आमच्याकडच्या पोरांना दूर्वा आणायला पाठवलं की ती लॉनमधून मुळांसकट ओढून आणायची आणि वर विचारायची, “मावशी, इज धिस इनफ?” आम्ही कौतुकानं तशाच जुड्या बांधायचो. मुळं असलेली हरळी आणि वर ओला शाडू. काळ्या मातीत वाढलेल्या मला याचं पुढे काय होतं ते कळू नये? कळलं नाही, कारण मी देवाचं काम करत होते आणि देवाचं काम करताना आपण चुकू शकतो असं मला कधी वाटतच नाही.

बाईंनी दातेरी फावडं आत घातलं आणि ढेकूळ उलटलं. काळ्या मातीत शाडूचा फिकट पट्टा होता, आणि त्यात एक रुपयाचं नाणं. विड्यावरचं, काढायचं राहून गेलेलं. मी ते झटकन उचलून मूठ मिटली.

“काय मिळालं?” बाईंनी विचारलं.

“दगड,” मी म्हणाले.

त्याच वेळी वाट कापणारा माणूस ट्रेलरवरून मशीन उतरवत होता. पन्नाशी उलटलेला, मेक्सिकोहून आलेला, स्वतःचा जुना ट्रक. वसाहतीतल्या सगळ्या सार्वजनिक हिरवळीचं काम त्याच्याकडे होतं. बाई तरातरा त्याच्याकडे गेल्या आणि ते गवत त्याच्यासमोर धरलं. त्यानं टोपी काढली.

“मी धुतो, मॅम,” तो म्हणाला. “दर वेळी धुतो.”

“मग हे चालत आलं का?”

त्यानं टोपी परत घातली आणि तो पाती पुन्हा धुवायला वळला. मीही बोलले नाही. मुठीतलं नाणं घामानं भिजलं होतं.

सोमवारी बाईंचा मेल आला. या माणसाच्या निष्काळजीपणानं अठरा वर्षांच्या कामावर पाणी पडलं आहे, असोसिएशननं त्याचं काम काढून घ्यावं. मीटिंग तीन आठवड्यांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. इथे चोर मी, आणि तो मेल वाचून मी त्यावर “थँक्स फॉर युअर हार्ड वर्क” असं उत्तरही पाठवलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवायचा थांबला.

“तू कन्फेस वगैरे करायच्या भानगडीत पडू नकोस हं. ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, यार. प्रोटेक्टेड जागेत डंपिंग केलं म्हणून कुणी कम्प्लेंट केली तर?”

“आणि त्या माणसाचं काम गेलं तर?”

“त्याला दुसरं मिळेल. तो काय आपल्यासारखा व्हिसावर आहे का?”

“तुला काय माहीत तो कशावर आहे?”

मी ताट आपटलं. खरं तर नवऱ्याच्या तोंडून माझ्याच मनातलं ऐकलं म्हणून मला राग आला होता.

काकूंना फोन केला. वाटलं, या तरी म्हणतील, जा आणि खरं सांग. काकू म्हणाल्या, “बाई गं, बोलायचं तर बोल, पण गणपतीचं नाव घेऊ नकोस. आधीच ते लोक आपल्या उत्सवाला क्लबहाउस द्यायला कुरकुर करतात. उद्या म्हणतील, हे लोक देवाच्या नावानं घाण करतात.” गणपतीचं नाव न घेता विसर्जन कसं सांगायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

तीन आठवडे मी झपाटल्यासारखी खणत होते. एल्मभोवतीची माती आम्ही वीतभर खोल उकरून चाळणीनं चाळत होतो. एक पेर राहिलं तरी संपलं. पुढच्या शनिवारी पाहावं तर खणलेल्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर नवा कोंब. मग तिथे खणायचं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी पलीकडे. उकरलेल्या जागेवर आम्ही काळं प्लास्टिक अंथरलं, म्हणजे उरलंसुरलं उन्हात भाजून मरावं. बाई माझ्या शेजारी चाळणी धरायच्या. एकदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुझ्यासारखी चार माणसं असती तर मला काळजी नव्हती.” मला तिथल्या तिथे भेगेत गडप व्हावंसं वाटलं.

तो माणूस कामाला येतच होता. बाई हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि तो त्यांच्या देखत पाती धुवायचा. पुसायचा. पुन्हा धुवायचा. मी मान खाली घालून माती चाळायचे. खाई त्याला खवखवे, पण माझी जीभ काही हलत नव्हती.

मीटिंगला क्लबहाउसात चाळीसेक माणसं होती. बाईंनी भिंतीवर फोटो दाखवले, आधीचा माळ आणि आताचा, प्लास्टिक अंथरलेला. शेवटच्या रांगेत तो एकटा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. अध्यक्षांनी विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? तो उठला.

“मी धुतली होती,” एवढंच म्हणून खाली बसला.

अध्यक्ष म्हणाले, मग आता हात वर करूया. शेजारी नवऱ्यानं माझं मनगट धरलं. पुढच्या रांगेतले हात वर जायला लागलेले मला दिसले आणि मी उभी राहिले. पंधरा वर्षं या देशात इंग्रजीत भांडतेय मी, बिलांवरून, शाळेत, ऑफिसात. त्या क्षणी एक धड वाक्य येईना.

“ते मी ओतलं,” मी म्हणाले. “बादलीतून. आमच्या देवाची मूर्ती मातीची असते, ती पाण्यात विरघळवतात. त्याला हेच गवत वाहतात. ते पाणी मी त्या झाडाखाली ओतलं, तीन वर्षं. यानं काही केलेलं नाही. मी केलं.” आणि ते नाणं टेबलावर ठेवलं, जणू कुणी पुरावा मागितला होता.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तीन आठवडे तू माझ्या शेजारी बसून माती चाळलीस,” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मतदान झालं नाही. अध्यक्षांनी घाईघाईनं पुढचा विषय घेतला. कुणी कम्प्लेंट करा म्हणालं नाही, क्लबहाउसाचंही कुणी काढलं नाही. ज्या भीतीनं मी तीन आठवडे एका माणसाला तोंडघशी पडू दिलं, ती कुणाच्या डोक्यातही नव्हती. बाई माझ्याकडे न बघता फोटो आवरत होत्या.

मी बाहेर पार्किंग लॉटमध्ये गेले. तो ट्रकपाशी होता. मी समोर जाऊन सॉरी म्हणाले, दोनदा म्हणाले. त्याला माझ्या सॉरीचं काही करायचं आहे असं दिसलं नाही.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. त्याचं इंग्रजी मघाच्या माझ्या इंग्रजीसारखंच, अडखळत येणारं. “मी पाहिलंय तुम्हाला. तिन्ही वर्षं. मी त्या वेळी वाटेवर असायचो.”

“मी तुम्हाला कधी पाहिलं नाही.”

“नाही पाहिलंत,” तो म्हणाला. “तुम्ही यायच्या तेव्हा मी मशीन बंद करायचो.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही? आत सगळ्यांसमोर तुमचं काम जात होतं!” माझा आवाज चढला. मला त्याचाच राग येत होता, इतकी मी निर्लज्ज.

त्यानं क्लबहाउसाच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“फुलं असायची. राखेसारखं काहीतरी ओतायच्या. हात जोडून रडायच्या. मला वाटलं, तुमचं कुणी गेलंय आणि त्याला तुम्ही तिथे ठेवलंय.” त्यानं हातानं बादलीची उंची दाखवली. “बादली इतकी लहान होती. मला वाटलं, मूल असेल. असं कसं मी लोकांसमोर सांगणार?”

मी त्याच्या ट्रकला टेकले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ज्याचं नावही मी कधी विचारलं नाही, त्या माणसानं माझ्या न झालेल्या दुःखाची लाज राखायला आपलं पोट पणाला लावलं होतं.

“माझं कुणी गेलेलं नाही,” मी कसंबसं म्हणाले. “सगळे आहेत.”

“आहेत ना?” त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. “मग बरं झालं,” तो म्हणाला, आणि ट्रेलरची साखळी अडकवायला खाली वाकला.