मापात न बसलेले सहा फूट

धुमाळ सर गेल्याचं सलीमनं येऊन सांगितलं, तेव्हा मी बोर्डावर एका शाळेचा जिना काढत होते. महिना होऊन गेला. जिना अजून अर्धाच आहे...

संगमनेरच्या आमच्या फर्ममध्ये सर शाळा, दवाखाने, दूधसंघाच्या इमारती उभ्या करत आणि शनिवारी आम्हा नवशिक्यांना शिकवत. शिकवत म्हणजे कुठलंतरी जुनं घर मोजायला नेत. तीन वर्षांपूर्वी धरणाचं पाणी चढत होतं, तेव्हा मला आणि सलीमला त्यांनी बुडणाऱ्या एका गावात नेलं. गाव उठून गेलं होतं. लोकांनी दारं-चौकटीसुद्धा काढून नेल्या होत्या. भर दुपारी एक कुत्रंही दिसेना. शेवटच्या घरात मात्र चूल पेटलेली. ठकूबाई नावाची म्हातारी तिथं एकटीच राहिली होती. न्यायला आलेला सरकारी ट्रक तिनं दोनदा परत पाठवला होता. उद्या शेवटची खेप होती.

तिला विचारून आम्ही घर मोजलं. बाहेरून बत्तीस फूट. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून सव्वीस. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा सरांनी स्वतः टेप धरला, तरी सहा फूट सापडेनात. सर मागच्या भिंतीशी गेले, बोटांनी ठोकलं आणि कान लावून उभे राहिले... बराच वेळ. मीही तळहात टेकला. पत्र्याखाली सगळं घर तापलेलं, ती भिंत मात्र गार होती.

"तिथं हात लावू नका," म्हातारी मागून म्हणाली. "रखमा हाय तिथं. सून माजी. बाळंतपनात गेली त्याच खोलीत. ल्योकानं दार चिनून टाकलं अन् गेला निघून. तिला नदीकाठी जाळली, पन ती ऱ्हाती हितंच. आता पानी यील. तिला टाकून कशी जाऊ?"

"फोडून बघू या का, सर?" सलीम हळूच म्हणाला.

सरांनी नकारार्थी मान हलवली. भिंतीसमोर मांडी घालून बसले आणि कागद पुढ्यात घेतला. "आजी, बाज कुठं होती? दिव्याचा कोनाडा?" ती सांगत गेली, ते रेषा ओढत गेले. शेवटी म्हणाले, "खोली मी कागदावर घेतली, आजी. उद्या ट्रकात बसा."

ती भिंतीकडे वळून काहीतरी पुटपुटली. थांबली. कुणाचं उत्तर ऐकावं तशी. मग म्हणाली, "बसते."

परतताना सलीमनं विचारलं, "सर, आत काय ऐकू आलं?"

"मापं नीट उतरवलीस ना?" एवढंच म्हणून ते बसच्या खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हातारी ट्रकात बसली. गाव बुडालं. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

परवा त्यांचं कपाट आवरताना त्या घराचा नकाशा सापडला, पक्क्या शाईत, कोपऱ्यात ठकूबाईचं नाव. राहात्याजवळच्या तिच्या नव्या वस्तीवर मी तो घेऊन गेले. सर गेल्याचं तिला सांगितलं. मग मी नकाशा तिच्यापुढे पसरला आणि तिचं बोट धरून चूल, ओटा, खोली दाखवली. भिंतीच्या रेषेत एके ठिकाणी बोट अडलं.

"ह्ये काय?"

"दार."

"त्ये तर ल्योकानं चिनलं व्हतं."

"सरांनी उघडं काढलंय."

तिनं त्या उघड्या दारावरून बोट फिरवलं. मग ती सतरंजीवर जराशी सरकली आणि शेजारी एकीला बसता येईल एवढी जागा केली.