शलाकाच्या गाण्यातली शिट्टी

शलाका गाता गाता मधेच थांबायची. अर्ध्या ओळीवर चहाचा घोट घ्यायची आणि नेमक्या त्याच सुरावर परत यायची. ती नागपूरची, इथे अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायची. गाणं कुणाकडे शिकलेली नव्हती. मी बारा वर्षं शिकले. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात शेवटचं गाणं कायम माझंच असे.

"ताई, इतकं सरळ काहून गाता? थोडं बिघडवा ना," ती म्हणायची. मला ते लागायचं, कारण खरं होतं.

एकदा तिला एका गाजलेल्या इंग्रजी गाण्याचं कव्हर करायचं होतं, म्हणजे ते आपल्या ढंगात गाऊन इंटरनेटवर टाकायचं होतं. सोडून गेलेल्या प्रियकराचं गाणं, मूळ धांगडधिंग्याचं. ती संथ गाणार होती. तिच्या अपार्टमेंटच्या भिंती पातळ, म्हणून रेकॉर्डिंग आमच्या हॉलमध्ये. "तासभर फक्त आवाज नको, ताई," एवढंच मागणं.

पहिला टेक ऐकूनच मला कळलं, ही माझ्यापेक्षा चांगली गाते. ती हेडफोन लावून तो तपासत बसली, तेवढ्यात मी हॉललाच लागून असलेल्या स्वयंपाकघरात कुकर चढवला. डाळीची त्या दिवशी कुणालाच गरज नव्हती.

दुसऱ्या टेकमध्ये ऐन ओळीत शिट्टी झाली. शलाका थांबली, शिट्टी विरू दिली आणि त्याच सुरावर परत आली. इंटरनेटवर तिने तोच टेक टाकला.

सिअ‍ॅटलच्या एका समीक्षकाने लिहिलं, मूळ गाण्यात नुसती तक्रार होती, इथे विरह आहे. आणि दूर जाणाऱ्या आगगाडीची ती शिट्टी हा या कव्हरचा प्राण आहे. मी ते तीनदा वाचलं. मंडळाच्या कमिटीने त्या वर्षी शेवटचं गाणं शलाकाला दिलं. "तुम्ही समजून घ्याल," असं मला फोनवर सांगितलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शलाकाचाही फोन आला. "ताई, उद्या कुकर आणता का? आणि हॉटप्लेट."

"कशाला?"

"लोक आता त्या शिट्टीची वाट पाहतात ना." मग जरा थांबून, "तुमच्याइतकी बरोबर वेळेवर दुसरं कोणी देणार नाही."

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी विंगेत कुकरपाशी चिमटा घेऊन बसले. शिट्टी उचलायची ओळ मला पाठ होती. एक क्षण वाटलं, उचलूच नये. उचलली. टाळ्या तिला मिळाल्या.

पुढे ती नोकरी बदलून टेक्सासमधल्या शुगर लँडला गेली आणि शेवटचं गाणं परत माझ्याकडे आलं. गेल्या गणपतीत मी ऐन ओळीत थांबून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी मला हळूच पुढचे शब्द सांगितले.